आज्याबाची खोळ

दिवाळी सरली की माणदेशातली मेंढरं कोकणात उतरायच्या तयारीला लागतात. ती निघायच्या आत त्यांना लस टोचून घ्यायची, म्हणून क्रांती रोज एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर फिरत होती. ती मूळची वाळव्याकडची, उसाच्या रानात वाढलेली. पशुसंवर्धन खात्यात नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली ती थेट म्हसवडच्या अंगाला. इथं चार बाभळी सोडल्या तर नजर अडायला काही नाही. सुरुवातीला तिला हे रान अंगावर यायचं. आता सवय झाली होती.

फिरायला मोटारसायकल होती ती तिच्या भावाची, शिवतेजची. तो सैन्यात. घरी धूळ खात पडण्यापेक्षा बहिणीच्या कामी येऊ दे म्हणून त्यानं ती दिली होती, आणि देताना बजावलं होतं, "ताई, गाडी लय जड हाय. मऊ मातीवर साइड स्टँडला लावू नगंस. कितीबी घाई असू दे, डबल स्टँड लावायचा."

त्या दिवशी सकाळी ती बिरदेव नावाच्या धनगराच्या वस्तीवर पोचली. वस्तीच्या तोंडाशी एक मोठा कडुलिंब आणि लिंबाखाली आज्याबा. कमरेएवढा उंच, शेंदराचा नुसता एक गोळा. नाक नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत. वस्तीतली माणसं त्याला आज्याबा म्हणत, कारण कुणाच्याही आज्याच्या आज्यापासून तो तिथंच होता. बिरदेवची आई हरणाबाई दर अवसेला तेलात शेंदूर खलून त्याला लावी. तिच्या आधी तिची सासू लावायची, सासूच्या आधी तिची सासू. सासऱ्यापुढं घ्यावा तसा डोक्यावरून पदर ओढून, मान खाली घालून हरणाबाई हे काम करी.

लिंबाची सावली दाट होती. लसीची बर्फाची पेटी गाडीवर मागं बांधलेली. तिला ऊन लागू नये म्हणून क्रांतीनं गाडी सावलीत, आज्याबाच्या शेजारीच आणली. हरणाबाईनं पहाटे देवाला आंघोळ घातली होती, त्यामुळे तिथली माती भिजून लोण्यासारखी झाली होती. स्टँड टेकवताच त्याचं टोक मातीत शिरलं. क्रांतीनं ते पाहिलं. डबल स्टँडवर घ्यायला तिनं एकदा जोर लावला, पण पेटीच्या वजनानं गाडी हलेना. पलीकडं बिरदेव हाका मारत होता, मेंढरं वाघरीच्या जाळ्यात कोंडून ठेवली होती, उन्हं चढत होती. आधी सुया आणि लसीची एक बाटली तरी नेऊ, पेटी उतरवायला येतेच आहे, असं म्हणून ती गेली.

पहिली दहाबारा मेंढरं टोचून झाली असतील. एवढ्यात बिरदेवचा थोरला मेंढा, वळणदार शिंगांचा, ज्याच्यावर त्याचा पोरासारखा जीव, जाळं उडवून लिंबाकडं पळाला. आणि धाडकन आवाज झाला. त्यापाठोपाठ दुसरा, रांजण फुटावा तसा.

सगळे धावले. गाडी आडवी पडली होती. हँडलचा टोकदार भाग थेट आज्याबावर आदळला होता. देवाचा पुढचा अख्खा भाग सुटून खाली पडला होता, आणि जिथून तो सुटला तिथं माती, धूळ, शेंदराचा चुरा यांच्याखाली काहीतरी काळं दिसत होतं. पेट्रोल ठिबकत होतं. मेंढा बाजूला उभा राहून लिंबाचा पाला खात होता.

चौघांनी मिळून गाडी उचलली. बायांनी तोंडाला पदर लावले. बिरदेवचा चुलता नाथाजी, वस्तीतला सगळ्यात जाणता माणूस, त्यानं डोक्याचा पटका उतरवला आणि हातात धरला. मग तो पुतण्याकडं वळला.

"बिरदेवा, तुज्या मेंढ्यानं काय केलं बग."

बिरदेवनं मान वर केली नाही. "चुकलं, तात्या."

"माणसाचं असतं तर हात जोडून भागलं असतं. देवाचं हाय ह्ये."

बिरदेवनं मेंढ्याकडं पाहिलं. "मेंढा वाहतो आज्याबाला. आत्ताच्या आत्ता वाहतो."

क्रांतीला ते समजायला एक क्षण लागला. मेंढा कापला जाणार होता. तिच्याकडं कुणी बघतही नव्हतं. ती सरकारी माणूस, वस्तीची पाहुणी. तिच्या वाट्याला काही येणार नव्हतं. ती गप्प बसली असती तर दुपारपर्यंत सगळं तिच्याविना निभावलं असतं.

"तात्या, थांबा," ती म्हणाली. "मेंढ्याचा दोष न्हाई."

नाथाजी वळला. "मॅडम, तुमी ह्यात नगा पडू."

"पडलेच हाय मी. हिकडं या, बघा." ती जिथं गाडी लावली होती तिथं गेली आणि गुडघ्यावर बसली. ओल्या मातीत स्टँडचं भोक होतं, चांगलं वीतभर खोल आणि एका अंगाला फाटलेलं. "स्टँड रुतला. लावताना मला दिसत हुतं, तरी लावली. भावानं शंभरदा सांगितलं हुतं, तरी लावली. मेंढ्याचा धक्का लागला असंल न्हाईतर नसंल. पण गाडी नीट लावली असती तर मेंढ्याच्या बापाच्या धक्क्यानंबी पडली नसती. ही चूक माझी हाय. जे काय करायचं ते मला सांगा, मेंढ्याला नगा."

बिरदेव तिच्याकडं बघत राहिला. नाथाजीनं भोकात बोट घालून पाहिलं. तो काय बोलणार होता कोण जाणे, कारण तेवढ्यात गर्दी आपोआप दुभंगली आणि हरणाबाई आली.

ती शेळीला पाणी पाजायला गेली होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिनं पाहिलं, आणि सवयीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग ती आज्याबासमोर बसली. आयुष्यभर ज्याला शेंदूर लावला त्याच्या ठिकऱ्या तिच्या पायाशी पडल्या होत्या. ती रडेल, शिव्या देईल असं क्रांतीला वाटलं. तिनं तसलं काही केलं नाही. जखमेवरची धूळ पुसावी तशी ती पदराच्या टोकानं हळूहळू त्या काळ्या भागावरची माती पुसू लागली.

पहिल्यांदा निघाला एक गाल. मग ओठ. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, अगदी थोडं, कुणीतरी लांबून हाक मारल्यावर येतं तसं. मग सरळ नाक. मग डोळे, उघडे आणि शांत. हरणाबाईचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. खांदा निघाला, आणि खांद्यावर आडवं टाकलेलं मेंढराचं पिल्लू, ज्याचे दोन पाय त्या माणसानं एका हातानं छातीशी धरले होते. पिल्लाच्या अंगावरची लोकर सुद्धा घडवणाऱ्यानं वळ्यावळ्यांनी काढली होती. खाली पायाशी, अजून अर्धवट शेंदरात, जबडा वासलेला लांडगा होता.

मेंढरं ओरडत होती, पण ती फार लांब कुठंतरी ओरडत असल्यासारखी वाटत होती. ह्या उघड्या रानात, ह्याच लिंबाखाली, इतक्या पिढ्या हा माणूस डोळे उघडे ठेवून उभा होता आणि त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

हरणाबाई मागं सरकली. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, आधी चोरून, मग नीट. त्याला मिसरूडही फुटलेलं नव्हतं.

"आरं," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यो तर पोरगा हाय."

नाथाजीनं पटका भुईवर ठेवला आणि तो आडवा झाला. त्याच्यामागून सगळी वस्ती आडवी झाली. उठला तेव्हा त्याचा चेहराच बदलला होता. "देवानं शेंदराची खोळ टाकली," तो म्हणाला. "आपल्या हयातीत टाकली. भाग्य म्हणायचं."

आणि मग सगळं फिरलं. कुणी फोन काढून चित्रण करू लागलं. कुणी नारळ आणायला पळालं. एका बाईनं हळदीकुंकवाची कोयरी आणली आणि देवाला लावून झाल्यावर तेच बोट क्रांतीच्या गाडीच्या दिव्याला टेकवलं. "मॅडम, तुमचा पायगुण," कुणी म्हणालं. "गाडीला हार घाला गड्या, हिच्याच हातनं घडलं."

क्रांतीला हे मघाच्यापेक्षा जड गेलं. घडीभरापूर्वी ह्याच गाडीपायी मेंढ्याच्या मानेवर सुरी आली होती. ती बाजूला झाली आणि हरणाबाईजवळ जाऊन बसली. म्हातारी शेंदराचे तुकडे गोळा करून मांडीवर घेत होती.

"पोरी, गाडी तुजीच न्हवं?"

"व्हय आजी."

"मग तूच चल. ह्ये पाण्यात सोडायला लागतंय."

मेंढरांची लस पुरी झाली तेव्हा दुपार कलली होती. क्रांतीनं बर्फाची पेटी वस्तीवरच ठेवली. खोळीचा मोठा तुकडा, चांगला सुपाएवढा आणि पाट्यासारखा जड, घोंगड्यात गुंडाळून हरणाबाईनं मांडीवर घेतला आणि ती मागं बसली. बारीक तुकड्यांची पाटी क्रांतीनं पुढं टाकीवर ठेवली. माणगंगेच्या डोहाकडं जाणारा रस्ता कच्चा. क्रांतीनं इतक्या हळू गाडी कधी चालवली नव्हती.

मग हरणाबाई बोलू लागली, जणू स्वतःशीच. "लगीन हून आले तवा सासू म्हणली, ह्यो आपला आजा, ह्याच्याफुडं मान वर करायची न्हाई. न्हाई केली. म्हातारा माणूस, दात नसत्याल म्हणून निवद दाखवताना भाकरी दुधात कुस्करायचे बग. मऊ करायचे." तिला हसू आलं आणि त्याच्यातच तिचा आवाज फुटला. "आन त्यो माज्या नातवाएवढा! त्याला कुणी इचारलंबी नसंल, बाबा, भूक लागलीया का."

डोहात ह्या वर्षी पाणी चांगलं होतं. ऊन तिरपं झालं होतं. क्रांतीनं मोठा तुकडा काठावरच्या खडकावर ठेवला, घोंगडं सोडलं, आणि तो पाण्याकडं न्यायला म्हणून उलटा केला.

तिचे हात तिथंच थांबले.

तुकड्याच्या आतल्या बाजूला तोच चेहरा होता. तीच हनुवटी, तेच ओठ, ते हसू, ते डोळे. सगळं खोलगट, दगडाला बिलगून बसलेल्या पहिल्या शेंदरानं जपून ठेवलेलं. आत लाली गडद होती, सुकलेल्या रक्तासारखी. तुकड्याच्या कडेला एकावर एक थर दिसत होते, कांद्याच्या पाकळ्यांहून पातळ, मोजता न येणारे. सगळ्यात वरचे हरणाबाईचे. त्याखाली तिच्या सासूचे. त्याखाली ज्यांची नावंही आता कुणाला ठाऊक नाहीत अशा बायांचे.

तिरपं ऊन आत शिरलं आणि तो खोलगट चेहरा एकाएकी उठून बाहेर आला, भरीव, जिवंत. क्रांती दचकून डावीकडं सरकली. चेहरा तिच्याकडं वळला. ती उजवीकडं झाली. तो पुन्हा तिच्याकडं वळला.

"आजी," तिच्या तोंडून जेमतेम निघालं. "हिकडं बघा."

हरणाबाईनं पाहिलं. ती एक पाऊल मागं गेली, मग पुढं आली, मग वाकली. चेहरा तिच्याबरोबर फिरत राहिला. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, आणि तो परत ओढला नाही. दोघी किती वेळ तशा उभ्या होत्या ते दोघींनाही सांगता आलं नसतं. एक बगळा आला, पाण्यात उतरला, उडून गेला.

"माजा हात बाहेरनं फिरायचा," हरणाबाई म्हणाली, "आन त्यो आतनं माज्याकडंच बघत हुता."

"आजी, मी तुमचा देव मोडला," क्रांती म्हणाली. "आता लोक काय बी म्हणू देत."

"मोडला तर मोडलाच गं." म्हातारीच्या बोलण्यात राग नव्हता आणि समजूतही नव्हती. "ह्यो आतला निघाला, लय मोठं झालं. पर ज्याला म्या आन माज्या सासूनं घडवला, त्यो गेला. त्योबी माजा देवच हुता. त्याच्यासाठी मला रडू दे वाईच."

ती काठावर बसून रडली. क्रांती तिच्या शेजारी बसली.

"ठेवायचा का ह्यो, घरात?" शेवटी क्रांतीनं विचारलं.

हरणाबाईनं मान हलवली. "न्हाई. तू पाडलंस, तूच पोचव."

क्रांती सलवार खोचून पाण्यात शिरली. कमरेपर्यंत गेल्यावर तिनं तुकडा पाण्याखाली सोडला, चेहरा वर ठेवून. पाण्यातून तो अजून तिच्याकडं बघत होता. मग हळूहळू खाली जाताना एक लाल रेघ वर आली, पसरली, आणि डोह पुन्हा आपल्या रंगाचा झाला. तिला थंडी वाजत होती, तरी ती लगेच बाहेर आली नाही.

मेंढरं निघायच्या दिवशी ती पुन्हा वस्तीवर गेली. गाडी सडकेवरच, डबल स्टँडवर लावून चालत आली. लिंबाखाली हरणाबाई वाटीत शेंदूर खलून बसली होती, पण बोट बुडवत नव्हती.

"डोळं हायती गं त्याला," ती क्रांतीला म्हणाली. "डोळ्यात कसं फासू?"

दुधानं धुतल्यावर मूर्ती लखलखीत काळी झाली होती. आणि आता क्रांतीला दिसलं, डाव्या गालावर, कानापाशी, एक ताजा टवका उडाला होता. हँडल तिथंच लागलं होतं. इतक्या शतकांच्या दगडावर तेवढीच जागा पांढरी, कालची.

हरणाबाईनं शेंदराची वाटी बाजूला सारली आणि तेलाची पुढं केली. "तितं तूच लाव."

क्रांतीनं तेलात बोट बुडवलं आणि त्या टवक्यावर टेकवलं. दगड गार होता. बोटाखाली त्याची हनुवटी, ते हसू, एका हातानं घट्ट धरलेले पिल्लाचे पाय. तिला बोट उचलवेना.

मागं बिरदेवनं शीळ घातली. थोरला मेंढा पुढं झाला, त्याच्यामागून सगळा कळप धूळ उडवत लिंबाखालून जाऊ लागला, आणि प्रत्येक माणूस तिथं आला की पाऊल थांबवून, मान वर करून, त्या पोराच्या डोळ्यात बघूनच पुढं जात होता.