भट्टीचं पलीकडचं टोक

वसईच्या इनास डाबऱ्याची पावाची भट्टी गुरुवारी सकाळी आतून संपेनाशी झाली. आदल्या दिवसापर्यंत ती आठ हात खोल होती.

बुधवारी दुकानात कुणीतरी म्हणालं होतं, पायांनी मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात. इनासच्या घरात चार पिढ्या हातांनीच मळत आल्या, त्यामुळे ते त्याच्या जिव्हारी लागलं. "हा शब्द आला कुठून, ते मीच बघून येतो," म्हणाला आणि थंड भट्टीत रांगत शिरला. एकदा डोक्यात घेतलं की तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

बायको कॅतरिन भट्टीच्या तोंडाशी बसून राहिली. आतून त्याचा आवाज यायचा. गुरुवारी तो "पाव" म्हणाला. शुक्रवारी तोच शब्द नाकातून आला, जुन्या फिरंगी खलाशांसारखा. शनिवारी पाद्रींच्या जुन्या लॅटिनसारखं "पानेम" ऐकू आलं, आणि तिने हाक मारली तेव्हा ओ आली नाही. नवरा आपली भाषा विसरत चाललाय, हे तिला कळलं.

"नको जाऊ बाय," शेजारीण म्हणाली. "येईल तो."

"येईल गं. पण मला ओळखणार नाही."

तिने पदर खोचला आणि आत शिरली.

आधी जहाजाचा मुदपाकखाना लागला. "माझा माणूस इकडून गेला का?" तिने विचारलं. पीठ मळणाऱ्या खलाशाने मान न उचलता पुढे बोट दाखवलं. मग 'पानेम' म्हणणाऱ्यांचं, दगडी जात्यांचं शहर लागलं. तिथल्या भटारखान्यातही बोट पुढेच. भट्टी अरुंद होत गेली. गुडघे सोलवटले, पण माघारी फिरायचं तिच्या मनातही आलं नाही.

शेवटी छप्पर संपलं. उघड्यावर, तापल्या दगडावर पिठाचा गोळा फुगत होता. भोवती माणसं बसली होती, त्यांत इनास. परक्या बाईकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं. इथे त्या पदार्थाला अजून नाव नव्हतं. एका म्हातारीने तुकडा मोडून कॅतरिनच्या हातात दिला, आणि ती त्याला काय म्हणते म्हणून सगळे तिच्या तोंडाकडे बघत थांबले.

तिला फक्त नवरा हवा होता. होता नव्हता तेवढा जीव एकवटून तिने हाक मारली, "इनास."

"इनास," म्हातारी तुकड्याकडे बघत म्हणाली. "इनास," बाकीचे म्हणाले. पार मागे, वसईच्या दुकानात, गिऱ्हाईक गल्ल्यावर बसलेल्या शेजारणीला सांगत होतं, "सहा इनास द्या. ताजे आहेत ना?"

नवऱ्यानेही तिच्या हातातल्या तुकड्याकडे बघितलं.

"इनास," तो म्हणाला आणि हात पुढे केला.