वजीराची रजा

मस्कतच्या वादी अदाई वस्तीत दुपारी एक ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही. डोंगर तव्यासारखे तापतात, एसी घरघरत राहतात आणि घराघरांत पडदे ओढून माणसं निपचित पडतात. रात्री इथे दिवे असतात, गाड्या असतात, हसणं-खिदळणं असतं. खरी सामसूम ती भर दुपारची. अशाच एका दुपारी मधुवंती ऑफिसातून लवकर घरी आली, तिनं दार उघडलं, आणि तिला बाळंतशेपांच्या धुरीचा वास आला.

पुण्याच्या आजोळी मामी बाळंत झाली तेव्हा बाजेखाली निखारे ठेवून वर ओवा-शेपा टाकायचे, तोच तो वास. गोडसर, कडवट, अंगाला चिकटणारा.

"हवाबी, काय जाळतेयस गं?"

हवाबी स्वयंपाकघरात भुईवर पाय पसरून मेथी निवडत होती. नववा महिना लागलेला, त्यामुळे पाटावर बसवत नव्हतं. "काय नाय भाभी. गॅसपण बंद हाय."

"मग हा वास कसला?"

हवाबीनं मान वर न करता मागच्या लहान खोलीकडे बोट केलं. कामाच्या बाईसाठी म्हणून बांधलेली ती खोली. एक पलंग, एक कपाट, बोटभर खिडकी. "रोज दुपारचा येतो. मी आता यशबाबाच्या खोलीत निजते. तिथं जागा नाय."

"जागा नाही म्हणजे? अख्खी खोली रिकामी आहे."

"तुमास रिकामी दिसते," हवाबी म्हणाली आणि मेथीचं देठ मोडलं.

मधुवंतीनं जाऊन पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. पलंगावरची चादर मात्र मधोमध दबलेली होती, आणि हात लावला तर ऊबदार लागली. दुपारचं ऊन आहे, भिंतीतून येत असेल, असं स्वतःला समजावून तिनं दार ओढून घेतलं. नेमकी ती भिंत उत्तरेची होती, हे तिच्या मनानं ऐकूनही ऐकलं नाही.

आता मागचं थोडं सांगायला हवं.

मधुवंती एका बांधकाम-सल्लागार कंपनीत आर्किटेक्ट. नवरा उल्हास दुक्मच्या रिफायनरीवर, पंधरा दिवसांनी घरी येणारा. त्यामुळे लेकाला, यशला, सांभाळायला बाई हवीच. पहिली बाई वजीरा, दापोलीकडची, नवऱ्यानं टाकलेली. यशला तिनं दोन वर्षं पोटच्यासारखं वाढवलं. मग सुट्टीला गावी गेली, नवऱ्याशी दिलजमाई झाली, आणि परत आली ती पोटुशी होऊन. सातव्या महिन्यात मधुवंतीनं तिला गावी पाठवलं. जाताना सांगितलं, "निवांत बाळंत हो. तुझी रजा धरलीय. रजेचा पगार महिन्याच्या महिन्याला पाठवते." रजेचा कागदही केला. त्यावर रजा सुरू झाल्याची तारीख घातली, संपण्याची जागा मोकळी ठेवली. पुढचं पुढे बघू.

पुढे काही बघितलं नाही. पहिल्या महिन्यात यशला गोवर निघाला, दुसऱ्यात साइटवर धावपळ, तिसऱ्यात मधुवंतीला विषय काढायचीच लाज वाटू लागली. तिकडून कुणी मागितलंही नाही. तरी वजीराचं नाव तिनं आपल्या घराच्या नोंदीवरून काढलं नाही. नवी परवानगी काढायची तर नसती यातायात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ती जागा धरून ठेवली, आणि हवाबीला तशीच ठेवून घेतली. हवाबी कागदावर इब्रा गावच्या एका घरची मोलकरीण होती. तिथल्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, तिची गरज उरली नव्हती, त्यानं 'कुठंही काम कर' म्हणून तिला मोकळं सोडलं होतं. आखातात असं पुष्कळ चालतं. चालतं तोवर कुणाला काही वाटत नाही.

आता चालेना. हवाबीचा नवरा मुनीर दुक्मला गाडी चालवायचा. गावी करायला कुणी नव्हतं, बाळंतपण इथंच व्हायचं होतं. इस्पितळानं मालकाचं पत्र मागितलं. इब्राचा अर्बाब म्हणाला, महिनाअखेरपर्यंत नाव तुमच्याकडे फिरवून घ्या, नाहीतर मी नोंद रद्द करतो. रद्द झाली की हवाबी या देशात कुणाचीच नाही. तिला पत्र नाही, रजा नाही, आणि होणाऱ्या लेकराला जन्माचा धड दाखला नाही. हातात अकरा दिवस होते.

मस्कतच्याच रुवी भागात सिराजभाईंचं टायपिंगचं दुकान आहे. रत्नागिरीचा माणूस, वीस वर्षं लोकांचे कागद फिरवतो. त्यांनी पडद्यावर बघितलं आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"वहिनी, तुमच्या घरची जागा भरलेली हाय."

"वजीराची? ती तर चौदा महिन्यांपूर्वी गेली."

"गेली नाय, रजेवर हाय. मीच टाइप केलेला कागद. हे बघा, सुरू झाल्याची तारीख हाय, संपल्याची नाय. कागदाच्या हिशेबी बाई अजून बाळंतीणच." ते हसले. मधुवंतीला हसू आलं नाही. "आधी तिची रजा संपवा. रजेचा पगार पोचल्याचं तिच्याकडून लिहून आणा. मग ही दुसरी आत. यल्ला, फोन लावा."

घरी आली तेव्हा यश लहान खोलीच्या दाराशी पालथा पडून गाडी फिरवत होता आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होता. शाळेत दिवसभर इंग्रजी. मराठी बोलायचं तर तो दगडावरून नदी ओलांडावी तसा शब्द शोधत बोलायचा. पण हे न अडखळता चाललं होतं:

*दर्यापल्याड गं बाई, तुझा पाळणा हलतो*
*दोरी नाही माझ्या हाती, वारा कोण गं घालतो*

"हे कुणी शिकवलं, यश? हवाबीनं?"

"नो. आतली मावशी." त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "शूऽ. ती म्हणते... she is not allowed to get up. अजून."

हवाबी मागे येऊन उभी राहिली होती. "मला नाय येत ते गाणं, भाभी," ती हलकेच म्हणाली. "आमच्याकडचं हाय, पण मला येत नाय."

मधुवंतीनं त्याच संध्याकाळी दापोलीला फोन लावला. वजीराच्या आईनं, खुदेजानं, उचलला.

"खुदेजामावशी, मी मधुवंती. मस्कतवरून. वजीरा आहे का?"

पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या.

"तुमास म्हायीत नाय?" म्हातारी म्हणाली. "गेली ती. बावीस दिवसांची बाळंतीण हुती. ताप आला, उतरलाच नाय. चाळीस दिवससुदीक पुरे झाले नाय पोरीचे."

मधुवंतीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आजारात उठून बसायची. म्हणायची, अम्मी, माझी रजा हाय, मला उठवू नका, भाभी पैसे पाठवणार हाय, दूधपावडर आणा. आमी म्हणलं येतील. नाय आले, तर म्हणलं त्यांची काय अडचण असंल." म्हातारीच्या आवाजात राग नव्हता. असता तर मधुवंतीला बरं वाटलं असतं. "लेक हाय तिची. माहनूर. आता वरसाची झाली. दुपारची झोपतच नाय बघा. सारखी दाराकडं बघत बसते."

रात्री उल्हासचा फोन आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

"वाईट झालं," तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. मग म्हणाला, "पण मधू, आता सिराजभाईंना विचार. ती काम सोडून गेली असं लिहून देता येईल. तारीख तेव्हाचीच घालायची. नाहीतर चौकशी होणार, हवाबी इतके महिने कुणाकडे होती. दंड तर बसेलच. माझ्या कंपनीपर्यंत गेलं तर?"

"सही तिची लागेल."

"एक सही. ती काय येऊन विचारणार आहे?"

सिराजभाईंनीही तेच सांगितलं, फक्त मान खाली घालून. "दोन वाटा हायत वहिनी. एक सरळ, एक सोपी. लोक सोपीनं जातात. मी कागद टाइप करून देतो. सही माझ्यासमोर नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मधुवंती जेवणाच्या टेबलाशी तो कागद घेऊन बसली. यश झोपला होता. रस्ता मेलेला होता. बाजूला जुना रजेचा कागद होता, त्यावर वजीराची सही. शाळा चौथीत सुटलेल्या बाईची, एकेक अक्षर वाटाण्यासारखं सुटं. मधुवंतीनं वर्तमानपत्राच्या कडेला गिरवून बघितली. पहिली जमली नाही. दुसरी बरी झाली. तिसऱ्या वेळी पेन तिच्या हातात आपसूक चालू लागलं, 'व'च्या पोटाशी थबकलं, वेलांटी घासत नेली, आणि शेवटचा 'रा' कागदात रुतला. सही हुबेहूब झाली होती. मधुवंतीनं बोटांकडे पाहिलं. ती तिची होती, आणि भाजल्यासारखी गरम होती.

धुरीचा वास आला. खिडक्या लावलेल्या असताना आला, पंखा बंद असताना आला, आणि खोलीभर असा दाटला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

लहान खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

पलंगावर हवाबी बसली होती. भिंतीला पाठ, पाय सरळ पुढे, कानांवरून डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं, जसं ओल्या बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून बांधतात. मांडी लयीत हलत होती. मांडीवर काही नव्हतं.

"हवाबी, तू तर म्हणालीस या खोलीत निजत नाही."

तिनं मान वळवली. चेहरा हवाबीचाच होता. आवाज मात्र थकलेला, ओळखीचा, यशला दोन वर्षं अंगाई म्हणून म्हणून बसलेला.

"भाभी, मी काम सोडलेलं नाय. तुमीच म्हणलात, रजा धरलीय."

 मधुवंती तिथंच उंबऱ्यात बसली.

"मी कुठं जाऊ सांगा," आवाज म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. रस्ता विचारावा तसं विचारलं होतं. "तिकडं चाळीस पुरले नाय. इकडं रजा संपत नाय. आणि ही बिचारी ओझं घेऊन दारात उभी हाय. दोघी एका जागेवर कशा ऱ्हाणार?"

मांडी हलायची थांबली. हवाबीनं डोक्यावर हात नेला, फडकं हाताला लागलं तशी दचकून ओढून काढलं. "भाभी? मी हितं कशी? मी तर यशबाबाच्या गादीवर..." आणि तिनं दोन्ही हातांनी पोट कवटाळलं, कुणी हिसकावून नेईल तसं.

मधुवंतीनं तिला धरून बाहेर आणलं, पाणी दिलं. मग टेबलावरचा कागद चार वेळा फाडला, आणि वर्तमानपत्राची ती कडासुद्धा.

सरळ वाट सोपी नव्हती. रजेचा सगळा पगार दापोलीला गेला. खुदेजानं अंगठा उठवून पावतीचा फोटो पाठवला, सोबत मृत्यूच्या दाखल्याचाही. कामगार खात्यातल्या साहेबानं मधुवंतीला तीन फेऱ्या मारायला लावल्या, हवाबी कुठं होती ते विचारलं, आणि तिनं खरं सांगितलं. दंड बसला. उल्हास दोन दिवस फोनवर तुटक बोलला. नवव्या दिवशी तिच्यादेखत साहेबानं वजीराच्या नोंदीत संपण्याची तारीख भरली. ती मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख होती. नाव पडद्यावरून गेलं. त्या दुपारी दापोलीहून फोन आला. माहनूर पहिल्यांदा दुपारची झोपली, आणि म्हातारी घाबरून तिच्या नाकाशी हात धरून बसली होती.

अकराव्या दिवशी हवाबीचं नाव मधुवंतीच्या घराला लागलं. सिराजभाईंनी इस्पितळाचं पत्र टाइप केलं, मग रजेचा कागद. मधुवंतीनं सही केली आणि पेन खाली ठेवलं.

"भाभी," हवाबी म्हणाली, "संपायची तारीख?"

"अगं, अजून बाळंत तरी हो. चार दिवस मागंपुढं होईल."

"झालं तर खोडून लिवू. आज मोकळी नको."

सिराजभाईंनी कागद परत पुढे सरकवला. मधुवंतीनं तारीख घातली, आकड्यांत आणि अक्षरांत, आणि खाली पगार कुठल्या कुठल्या दिवशी पोचायचा तेही. हवाबीनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. शाई वाळेपर्यंत बोट काढलं नाही.

मग ती खुर्चीत मागे टेकली. "इतके दिस त्याला थांब थांब म्हणत हुते," ती म्हणाली, आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना, कुणाचीही भीडभाड न ठेवता, पोटावर तळवा ठेवून खाली वाकली.

"ये आता," ती त्याला म्हणाली. "ये."