मालकांची पितळी

मी पितळी बोलतेय. नाव पितळी, अंग मात्र स्टीलचं. आमच्या कडेगावकडं जेवायच्या काठाच्या थाळीला पितळीच म्हणतात. माझ्यावर नाव कोरलंय, 'गुंडा'. लग्नाच्या आहेरात आले आणि जन्मभर त्या एकाच माणसापुढं बसले.

गुंडा मालक तोंडानं काही मागत नसत. भाकरी हवी की नखानं माझ्या काठावर टकटक करायचे, की रंगूबाई चुलीपुढून उठायच्या. त्या नवरा-बायकोचं निम्मं बोलणं माझ्यावरच झालं.

मालक गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. फौजेतून आलेल्या लेकानं, जयराजनं, हात जोडून सगळी वचनं दिली, तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववावा लागला. रंगूबाईंच्या जिवाला ते फार लागलं.

त्या संध्याकाळी त्यांनी घराच्या पुढच्या सोप्यात माझ्यावर भाकरी आणि मालकांची आवडती तांबडी आमटी वाढून ठेवली. घरचा कुत्रा टिप्या आला, चाटूनपुसून जेवला आणि आणखी हवं म्हणून त्यानं पंजा मारला. नख माझ्या काठावर वाजलं. टकटक.

रंगूबाई दारातच खाली बसल्या. हळूच म्हणाल्या, "आलासा व्हय?"

तेव्हापासून टिप्याला रोज तीच जहाल आमटी, वर तेलाची तरी. माणसाची आवड कुत्र्याच्या पोटाला कशी सोसावी? त्याला शीवाटे रक्त पडू लागलं. सून राजेश्वरीनं घाबरून एका दिवसात आमटी तोडली आणि दुकानातलं कोरडं खाद्य भरलं. पोट आणखीच बिघडलं. "त्यास्नी पटलं न्हाई," असं म्हणून रंगूबाईंनी पुन्हा आमटी ओतली.

जनावरांच्या डॉक्टरनं राजेश्वरीला खडसावलं. पोटाला एकदम धक्का द्यायचा नाही. औषधाबरोबर आधी मऊ भात आणि बिनतिखटाची उकडलेली कोंबडी, पोट स्थिरावलं की नवं खाद्य मूठमूठ मिसळायचं. तेही पचलं की मग अंडं, नाचणी असा सावकाश पालट. रंगूबाई ऐकेनात. पानातलं जेवण बदललं तर मालक यायचे नाहीत, एवढंच त्यांना कळत होतं. तोवर टिप्याला उभंही राहवेना.

राजेश्वरीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"आत्ती, मामंजीच म्हणायचं न्हवं, उसावर ऊस घेतला की रान मरतं? मधी पालट म्हणून हरभऱ्याचा बेवड पायजे? मग ह्याच्या पोटाला बेवड नगो?"

रंगूबाई माझ्यावरच्या नावाकडं बघत राहिल्या. मग उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं भात शिजत घातला.

टिप्या सावरला. आता त्याचं पोट भरतं, पंजा मारायची गरज पडत नाही. परवा रंगूबाईंनी त्याला पहिल्यांदा त्याच्याच नावानं हाक मारली, "जेवलास का रं, टिप्या?" मला बरं वाटलं आणि मालकांची आठवणही आली.

पण काल दुपारी टिप्या चिंचेखाली झोपला होता. रंगूबाई त्याच्यासाठी नाचणी दळत होत्या. सोप्यात मी एकटी, रिकामी. आणि माझा काठ वाजला. टकटक.

ते नख मी ओळखते. रंगूबाईंनी जात्यावरून मानही वर केली नाही.

मालक, तुमचं पान उचललंय. माझ्यावर आता दुसरं कुणीतरी जेवतंय. हात धुवा आणि उठा.