टाकीची चढण आणि माझी मिशी

"गाडी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत न थांबता, न उकळता चढली, तर ही मिशी अर्धी उतरवीन. इथंच, दुकानासमोर, भर दिवसा!"

बोलून बसलो खरा. सलूनवाल्याची मिशी म्हणजे त्याच्या दुकानाची पाटी, ती अशी पैजेला लावायची नसते, हे नंतर कळलं. तोवर समोरच्या टेलरमास्तरांनी गळ्यातली टेप काढून माझ्या नाकाखाली धरलीसुद्धा.

"एका बाजूला तीन इंच. लिहून ठेवतो. नंतर तू आखूड करून आणशील."

"आणि उकळली तर?" मी बर्फकाकांना विचारलं.

"तर मी स्टिअरिंग हातात धरून, तोंडानं पों पों करत, गल्लीच्या तीन फेऱ्या मारीन. चालत." काका इतक्या शांतपणे म्हणाले, जणू भाजी आणायला निघालेत.

गल्ली खूश! काहीही झालं तरी तमाशा पक्का होता.

बर्फकाका म्हणजे माझ्या दुकानाशेजारचे. बस डेपोत बत्तीस वर्षं त्यांनी रेडिएटर दुरुस्त केले. समोर रोज तापलेल्या गाड्या आणि त्याहून तापलेले ड्रायव्हर, पण हा माणूस एकदाही तापला नाही. म्हणून बर्फ. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारातून एक निळी गाडी आणली, वयानं जवळपास त्यांच्याएवढीच. इंजिन सुटं करून अंगणात चादरीवर मांडलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, चार वर्षं खटपट. काकी होत्या तेव्हा म्हणायच्या, "सवत परवडली असती, ती निदान स्वतःच्या पायानं चालली असती."

इंजिन झालं आणि काका पहिल्याच फेरीला लेकीला घेऊन निघाले. चौकात गाडीनं अशी वाफ सोडली की मागं हॉर्नची रांग आणि मध्ये ढगात उभे बर्फकाका. ही नक्कल मी महिनाभर दुकानात केली. गरम टॉवेलच्या वाफेत तोंड घालून "काही नाही, काही नाही, जरा घाम आलाय तिला" म्हणायचो. गिऱ्हाइकं खुर्चीवरून पडायची. लेक तेवढी कधी हसली नाही.

पैज लागली बुधवारी, चढायचं ठरलं रविवारी. शुक्रवारी मी उगाच खोडी काढायला काकांच्या स्वयंपाकघरात डोकावलो. गॅसवर पातेलं, पातेल्यात दोऱ्याला बांधलेली एक पितळी वस्तू, आणि काका चष्मा कपाळावर ढकलून त्यात बघत उभे.

"काय काका, अंडं उकडताय?"

"थर्मोस्टॅट. बघ आता."

पाणी वाफाळलं आणि त्या वस्तूनं हळूच तोंड उघडलं.

"हे पाण्याच्या वाटेवरचं दार," काका म्हणाले. "पाणी तापलं की आपोआप उघडतं. डेपोत गाडी तापली की आम्ही पहिलं हेच काढून फेकायचो. शेकड्यांनी फेकली असतील मी. हिचंही काढलं होतं. पण हिच्या इंजिनात दार नसलं की गरम पाणी आडवाटेनं परत इंजिनातच शिरतं, रेडिएटरकडे फिरकतच नाही. आणि मी खुळा चार महिने रेडिएटर धूत बसलो."

"म्हणजे चूक कुणाची?"

"माझीच की! पुस्तकात होतं लिहिलेलं. मी म्हटलं, पुस्तकवाल्याला काय कळतंय?"

किती वाजले ते सांगावं तसं काकांनी सांगितलं. माझ्या हातून गिऱ्हाइकाचा कान कापला, तरी मी म्हणतो, "साहेब, तुम्ही हललात."

बाहेर आलो तेव्हा माझा हात आपसूक मिशीवर गेला. गाडी चढणार होती.

मग मी जे केलं ते गंमत म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं. रविवारी निघायच्या आधी काका हात धुवायला आत गेले, तेवढ्यात मी दुकानातला पेपर उघडून गाडीच्या पुढच्या जाळीतून आत सरकवला. रेडिएटरसमोर पडदाच म्हणा ना. टेलरमास्तरांना वाटलं, मी गाडीच्या पाया पडतोय.

भर दुपारी निघालो. काका चालवायला, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायला मी पुढं, मागं टेलरमास्तर आणि लेक. गाडी वळणाला लागली तशी लेक म्हणाली, "बाबा, ठरलंय ना? आज उकळली तर उद्या तो माणूस येऊन घेऊन जाणार."

"कोण माणूस?" मी मान वळवली.

"गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. दादा, तुम्हाला सगळी गंमत वाटते. बाबांचे हात थरथरतात हल्ली. मी कामावर असताना वाफेनं पोळून घेतलं तर बघणार कोण?"

काका रस्त्याकडे बघत राहिले. स्टिअरिंगवरची बोटं तेवढी घट्ट झाली.

मी तीन इंच केसांसाठी या माणसाची चार वर्षं जाळीत कोंबली होती.

पहिल्या वळणाला काटा मधोमध. दुसऱ्याला जरा वर. तिसऱ्याला लाल रेघेकडे निघाला.

"काका, थांबवा गाडी."

"थांबलो तर हरलो."

"अहो, पण मला सांगायचंय..."

"सकाळी फिरवून बघितली तेव्हा याच काट्यानं जागा सोडली नव्हती," काका इंजिनाकडे कान देऊन म्हणाले. "पाणी फिरतंय, पंखा फिरतोय. म्हणजे पुढून वारा येत नाहीये. काय घातलंस?"

"पेपर."

"आख्खा?"

"पुरवणीसकट."

"अरे गाढवा!" टेलरमास्तर मागून ओरडले. लेकीनं तर माझी कॉलरच धरली. "बाबा, थांबवा! हे पैजेत धरायचंच नाही."

"न थांबता म्हटलंय ना?" काकांनी गिअर खाली घेतला. "चढेल ती. खिडक्या उघडा सगळ्यांनी. आणि तू, पाय सांभाळ."

त्यांनी एक खटका ओढला आणि माझ्या पायांवर भट्टी उघडली.

"काका, हा हीटर! भर उन्हाळ्यात!"

"इंजिनाची गरमी कुठंतरी जायला हवी. पुढून निघत नाही, तर इकडून निघू दे. तू घातलंयस, तूच खा."

पुढची दहा मिनिटं मी काय सांगू? चपला तापल्या, मिशीचं मेण वितळून ओठावर आलं, टेलरमास्तर खिडकीतून अर्धे बाहेर. काका मात्र एका लयीत, पाय हलका ठेवून, तिला चढवत होते. काटा लाल रेघेच्या केसभर अलीकडे थांबला. थरथरला. आणि शेवटच्या वळणावर, शप्पथ सांगतो, मागं फिरला. मी असा ओरडलो की जणू पैज मीच जिंकलोय.

टाकीजवळ सावलीत काकांनी गाडी लावली, इंजिन जरा वेळ तसंच चालू ठेवलं, मग बंद करून बॉनेट उघडलं. एक थेंब नाही. त्यांनी जाळीमागून पेपर ओढून काढला, कडेनं पिवळा पडलेला. उलगडला. माझं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं.

"आडवं सात चुकलंय तुझं," एवढंच म्हणाले.

लेकीनं बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला तसा उचलला, परत ठेवला. बराच वेळ इंजिनाकडे बघत होती.

"बाबा, उतरताना मी चालवू?"

काकांनी किल्ली पुढं केली. "उतारावर गिअर सोडायचा नाही," म्हणाले, आणि उगाच रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

संध्याकाळी दुकानासमोर खुर्ची मांडली. सगळी गल्ली हजर. माझी बायको पहिल्या रांगेत, म्हणे, "निदान अर्धा चहा तरी आता पोटात जाईल." मी म्हटलं, लबाडी केलीय, आख्खी काढा. काका म्हणाले, "पैज अर्धीची होती."

टेलरमास्तरांनी टेपनं मधली रेघ ठरवली. लेकीनं आरसा धरला. काकांनी माझाच वस्तरा उचलला, आणि तो हवेत थरथरत होता. सगळ्यांनी पाहिलं. लेकीनंही. हसणं जरा कमी झालं.

मग त्यांनी दोन बोटं माझ्या गालावर टेकवली. खरखरीत, जुन्या चटक्यांचे डाग असलेली बोटं. मी आयुष्यभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरलाय, हात मला कळतो. कातडीला टेकला आणि त्या हाताची थरथर थांबली. एकाच ओढीत, साबणाच्या फेसासकट, तीन इंच मिशी मांडीवर पसरलेल्या त्याच शब्दकोड्यावर पडली. ओठावर एक ओरखडा नाही.

आरशात मी माझं तोंड बघितलंच नाही. आरशाच्या वरून लेक बाबांच्या हाताकडे बघत होती, आणि तिच्या मुठीत गाडीची किल्ली होती.