पाय धुण्याची पैज

पैज लागली ती अमेरिकेत, नेपरव्हिलला, माझ्या ड्राइव्हवेत, शहाऐंशीच्या जानेवारीत. आम्ही दोघे शेजारी फावड्यानं बर्फ उपसत होतो. मी कानटोपी, मफलर, दोन स्वेटर अशा थाटात, आणि उल्हास पायात नुसत्या स्लिपर घालून.

"गुरू, तू बायकी आहेस यार. आपल्याला थंडी लागतच नाही."

"हो का? जूनमध्ये आपल्या मराठी मंडळाची अलास्काची क्रूझ आहे ना? तिथे त्या हिमनदीसमोर डेकवर बूट काढून, नुसत्या मोज्यांवर उभा राहा. दहा मिनिटं."

"राहतो. काय लावतोस?"

"हरेल त्यानं दुसऱ्याचे पाय धुवायचे. सगळ्यांसमोर, तांब्या-परात घेऊन. लग्नात जावयाचे धुतात तसे."

गॅरेजमधून उल्हासची बायको ओरडली, "दोघांची वयं मिळून नव्वदच्या वर गेली! शोभतं का?"

"नाही ना शोभत, वसुधावहिनी, म्हणून तर!"

मी जिंकणार याची मला इतकी खात्री, की तांब्या-परात मी बॅगेत घालून बोटीवर नेली. सुनेत्रानं, म्हणजे आमच्या हिनं, दोन दिवस तोंड फिरवलं होतं. परातीपायी तिचा स्वेटर बॅगेत मावला नाही ना.

हिमनदीच्या दिवशी सकाळी बोट दोन काळ्या कड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीत शिरली. पाण्यात निळे बर्फाचे तुकडे, पापड भाजावा तसे तडतडत होते. मी मात्र बोटीच्या आत, कॉरिडॉरमध्ये. उल्हासला देशातली सवय, बूट केबिनच्या दाराबाहेर काढायचा. अख्ख्या बोटीत बाहेर बूट असलेली ती एकच केबिन. म्हटलं, पठ्ठ्याला आधीच जरा गार करू. माझ्या केबिनमधल्या बर्फाच्या बादलीतले चार खडे उजव्या बुटात, पार पुढे सारले, आणि कोपऱ्यात लपलो.

तो बाहेर आला. बूट घातला, नाडी बांधली आणि शीळ वाजवत निघाला.

उडी नाही. शिवी नाही. मी मागोमाग. जिना चढला, ब्रेकफास्टला बसला, दोन टोस्ट खाल्ले. उठला तेव्हा बुटातून पचक पचक आवाज यायला लागला. त्यानं खाली बघितलं, ओला मोजा बघितला, मग मला. माझं हसू तोवर कुठल्या कुठे गेलं होतं.

"उल्हास, तुला कळलं नाही?"

त्यानं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "हळू बोल. शुगर आहे. वर्ष झालं, पायांना काही जाणवतच नाही माझ्या. अंगठ्याला जखम आहे. मे महिन्यात डॉक्टर म्हणाला, ताबडतोब ॲडमिट हो, नाहीतर पाऊल जाईल. मी परत गेलोच नाही."

"आणि वहिनी?"

"तिच्या भावाचा पाय असाच कापला. वर्षात गेला तो. तिला नाही सांगायचं. शपथ घे."

"अरे, पण पाय..."

"शपथ घे, गुरू!"

घेतली. काय करणार? आयुष्यभर ज्याच्या त्याच्या खोड्या काढल्या, पण शपथ कधी मोडली नाही.

अकराला सगळं मंडळ डेकवर. समोर हिमनदीची भिंत, मधूनच तोफेसारखा आवाज करून कोसळणारी. थंडी अशी की बोलताना दात वाजावेत. उल्हास ऐटीत बूट काढायला वाकला. कोणीतरी घड्याळ बघून म्हणालं, "रेडी?"

"थांबा!" मी ओरडलो. "मी हरलो."

"अरे हट! अजून सुरूही नाही झालं!"

"हरलो म्हणजे हरलो. बस खुर्चीत. पाय धुणार मी तुझे, आत्ता."

उल्हासच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "नको रे. घरी गेल्यावर बघू."

"सगळ्यांसमोर ठरलंय."

"बसा हो उल्हासराव, लाजताय काय!" मंडळींनी हसत हसत त्याला खुर्चीत दाबलं. मी तांब्या-परात काढली, चहाच्या काउंटरवरून गरम पाणी आणलं, त्यात गार मिसळलं, कोपर घालून बघितलं. वसुधावहिनी टॉवेल घेऊन शेजारी उभ्या, त्यासुद्धा हसतायत.

"गुरू," तो दातांतल्या दातांत पुटपुटला, "तू शपथ घेतलीस."

"सांगणार नाही अशी. मी कुठे काय सांगतोय?"

डावा पाय धुतला. मग उजवा मोजा ओढला. तो अंगठ्याला चिकटला होता. तांब्यानं पाणी ओतून हळूहळू सोडवला. अंगठा काळा पडलेला, आणि वास.

हसणं थांबलं. वसुधावहिनी खाली बसल्या. त्यांनी पाय बघितला, मग त्याच्याकडे. रडल्या नाहीत. परातीत हात घातला.

"अहो, पाणी फार गरम नाही ना?"

उल्हास समोरच्या बर्फाकडे बघत राहिला.

"कळत नाही गं," तो म्हणाला.

वहिनींनी टॉवेल माझ्याकडे दिला आणि बोटीचा डॉक्टर शोधायला धावल्या. मी पाय पुसत राहिलो, बोट न् बोट, सगळ्यांसमोर.