दारातल्या चपला

गेणबा कोळप्यांनी घोंगड्यांचा ठेला मोडून शिरूरच्या पेठेत कापडाचं दुकान टाकलं, तेव्हापासून धंद्याचा अंदाज ते दारातल्या चपलांवरून बांधत. चपला ओळीत असल्या की गिऱ्हाईक नुसतं बघायला आलंय. एकमेकींवर चढल्या की लग्नाचा बस्ता आलाय, चहाचं आधण वाढवा. मुलाकडच्या कुठल्या, मुलीकडच्या कुठल्या, हे त्यांना गादीवरूनच कळे आणि भाव त्या बेतानं उतरे.

नव्वद साली दौंडला दुसरं दुकान निघालं, मग कुरकुंभला, मग कोरेगाव भीमाला. दुकानाच्या पिशवीवर छापलेला मेंढा एवढा गावोगाव पोचला की पाहुणे विचारत, "बस्ता मेंढ्याचाच ना?"

मग पोराच्या, पप्पूच्या, हातात कारभार आला. गाद्या माळ्यावर गेल्या. काचेची दारं, चकचकीत फरशी आणि पाटी आली : 'चपला काढू नयेत.'

"मग आत कोण हाय ते मला कसं कळायचं?"

"कॅमेरे लावलेत की, आबा!"

कॅमेऱ्यात डोकी दिसत. रानातून आलेल्या बाया मात्र आपले मातीचे पाय बघून काचेबाहेरूनच वळत; शहरी पायांना पुण्याचे मॉल होतेच. कुरकुंभ मिटलं, कोरेगाव मिटलं, दौंडही गेलं. शिरूरचं दुकान महिनाअखेरीस बंद व्हायचं होतं आणि त्याच महिन्यात नातीचं, पप्पूच्या पूनमचं, लग्न निघालं.

पप्पूनं पुण्याला जायला जीप ठरवली. गेणबा उखडले. "आचाऱ्याच्या घरची पंगत खानावळीत? बस्ता इथंच."

"आबा, माल जुना हाय. व्याहीण तोंडावर बोलल."

"बोलू दे. न्हाई पटलं तर मीच जीपमधी पुढं बसतो."

भांडगावच्या विहीणबाई तुळजाबाई दाराशी थबकल्या. पाटी वाचली आणि चपला काढल्या. मागच्या साऱ्या बायांनीही काढल्या.

"असू द्या, विहीणबाई," पप्पू म्हणाला.

"माझ्या थोरलीचा बस्ता दौंडला तुमच्याकडंच बांधला. चपला घालून शालू बघत्यात व्हय? आन् गादी कुठं गेली?"

माळ्यावरची गादी झटकून खाली आली. गेणबांनी मांडी घातली. घड्या उलगडू लागल्या.

"ह्यो रंग माझ्या आज्जीच्या येळचा!"

"म्हणून तर अजून उडला न्हाई."

बाया खिदळल्या. पूनमनं हळूच एक अंजिरी शालू मांडीवर ओढला आणि सोडेना. तुळजाबाईंनी पदर चाचपला.

"व्याही म्हणून किती सोडाल?"

"व्याही म्हणून वाढवणार हुतो. पण गिऱ्हाईक जुनं पडलं."

अर्ध्या तासानं भाव ठरला. पप्पूनं बाहेर जाऊन जीप परत लावून दिली.

एवढ्यात बाजाराला निघालेल्या दोघी रस्त्यात थांबल्या. उन्हानं चकाकणाऱ्या काचेतून त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. दिसत होता तो एकमेकींवर चढलेल्या चपलांचा ढीग.

"बस्ता हाय वाटतं. चल, बघू."

दुकान मिटतंय, हे सांगायला पप्पू पुढं झाला. गेणबांनी त्याची बाही धरून खाली बसवलं.

"दम धर. आधी त्यांच्या चपला निघू दे."