किती रे, फिक्री?

भट्टी रटरटू लागली की ओतशाळेचा मुख्य कारागीर उस्ता बयूमी वळून विचारायचा, "किती रे, फिक्री?" मग फिक्री लांब दांड्याला पुठ्ठ्याची मापनळी खोचायचा, वितळल्या लोखंडात बुडवायचा आणि तापमानाचा आकडा ओरडायचा. तो आकडा ऐकल्याशिवाय अलेक्झांड्रियाच्या त्या ओतशाळेत एकही साचा भरला जात नसे.

या आठवड्यापासून उस्ता विचारू लागला, "किती रे, शिहाता?"

शिहाता म्हणजे उस्ताचा नवा जावई. फिक्रीच्या पोटात दुखू लागलं, आणि हे दुखणं ओव्याने जाणारं नव्हतं.

आज सकाळी तर उस्ताने कहरच केला. "तुझं ते नळ्यांचं फडताळ रिकामं कर, आता शिहाताचं आहे." फिक्रीचं डोकं फिरलं. भट्टीच्या उबेला ठेवलेला नळ्यांचा खोका त्याने उचलला आणि पाण्याच्या गळक्या रांजणाखाली आदळला. शोधू दे लेकाला! ओली नळी बुडवली तर लोखंड उसळून तोंडावर येतं, हे फिक्रीला पक्कं ठाऊक होतं. पण मत्सरात माणूस ठाऊक असलेलं विसरतो, नाहीतर विसरल्याचं सोंग करतो.

शिहाताला खोका दुपारी सापडला. नळ्या वरून कोरड्या दिसत होत्या. पुठ्ठा आतून पाणी पितो, हे नव्या माणसाला कुठून कळणार?

"किती रे, शिहाता?"

नजर लागू नये म्हणून निळा मणी बांधलेला दांडा घेऊन शिहाता पुढे झाला.

"थांब! बुडवू नकोस!" फिक्री ओरडला.

वाईट नजर परतवायला शिहाताने पाचही बोटं त्याच्यासमोर फाकवली. "हे पाच तुझ्या डोळ्यात! बघा उस्ता, याला माझं बघवत नाही."

"भट्टीपेक्षा हाच जास्त जळतोय," कुणीतरी म्हणालं. सगळे फिदीफिदी हसले.

खरंच बघवत नव्हतं. बुडवू दे, असंही फिक्रीच्या मनात येऊन गेलं. मग त्याने झेप घेतली, दांडा हिसकावला आणि नळी गुडघ्यावर मोडली. आत नुसता लगदा होता. पाणी त्याच्या बोटांवरून ओघळलं.

हसणं थांबलं. शिहाता पांढराफटक पडला.

उस्ताने लगदा चिमटीत दाबून पाहिला, मग रांजणाकडे पाहिलं. त्याने आपल्याला काहीतरी विचारावं म्हणून फिक्री आठवडाभर तडफडत होता. आता उस्ता त्याच्याकडे वळला.

"वरून तर कोरडी होती. ओली आहे हे तुला कसं कळलं रे, फिक्री?"